निळ्या आभाळाचं झाकण

मैत्रीण गाडी चालवता चालवता डावा हात खिडकीबाहेर काढते आणि दुकानात कापडाचा पोत पाहावा तसा चिमटीत वारा चाचपून बघते. त्या दिवशीही तिने तसंच केलं आणि म्हणाली, "आलं बघ की. आखाताचं पाणी आलं." मी माझ्या बाजूची काच खाली केली. दक्षिणेकडून येणारा वारा कानात नुसता घोंगावत होता, पण कोरडा नव्हता. मे महिन्यात अलिबागच्या किनाऱ्यावर अंगाला जो ओलसर चिकटपणा जाणवतो, तोच इथे होता. आणि समुद्र मात्र सुमारे हजार किलोमीटर लांब! आम्ही अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या नैर्ऋत्य भागात होतो. दोन्ही बाजूंना पिवळा पडत चाललेला गहू, आणि मध्येच कुठेतरी क्षितिजावर धान्याच्या कोठाराचा उंच पांढरा मनोरा. मेक्सिकोच्या आखातावरून निघालेली वाफ टेक्सास आणि ओक्लाहोमा ही दोन अख्खी राज्यं ओलांडून, जमिनीला बिलगत, या गव्हात येऊन पोचली होती.

माझी ही मैत्रीण मूळची सोलापूरची. वीस वर्षांपासून विचिटा शहरात राहते, नोकरी करते आणि दर मे महिन्यात दोन आठवड्यांची रजा काढून वादळांच्या मागे जाते. त्या वर्षी मी तिच्याबरोबर गेले होते. दोन दिवसांपूर्वी टेक्सासच्या उत्तर टोकाला आम्ही एक प्रचंड वादळ पाहिलं होतं, त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. आत्ता सांगायचंय ते त्या दिवसाबद्दल, ज्या दिवशी काहीच झालं नाही. वादळांमागे फिरणारे लोक अशा दिवसाला 'बस्ट' म्हणतात आणि आभाळ शेवटपर्यंत निळंच राहिलं तर 'ब्लू स्काय बस्ट'. मैत्रिणीला हा शब्द आवडत नाही. संध्याकाळपर्यंत मलाही तो आवडेनासा झाला.

दिवस सुरू झाला तो डॉज सिटीतल्या मोटेलमध्ये, सकाळी आठच्या सुमाराला. मी चहाचं पाणी गरम करत होते आणि ती लॅपटॉपवर फुग्याची वाट बघत होती. हवामानाचे फुगे जगभर शेकडो ठिकाणांहून एकाच वेळेसाठी सोडले जातात, दिवसातून दोनदा. कॅन्ससमध्ये सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. म्हणजे डॉज सिटीचा फुगा ज्या घडीचं आभाळ मोजतो, त्याच घडीचं आभाळ मुंबईत सांताक्रूझचा आणि नागपूरचा फुगाही मोजत असतो. फुग्याला तळहातावर मावेल एवढं एक यंत्र टांगलेलं असतं. वर जाताना ते तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब कळवत राहतं, आणि ते कुठे वाहत चाललंय यावरून वारा कळतो. जसजसा बाहेरचा दाब कमी होतो तसतसा फुगा फुगत जातो आणि तीसेक किलोमीटरवर फुटतो. मला या गोष्टीचं अजूनही नवल वाटतं. उपग्रह आहेत, रडार आहेत, तरी उद्याच्या हवेचा अंदाज बांधण्यासाठी रोज माणसं आभाळात फुगे सोडतात.

"हे बघ, नाक," ती म्हणाली.

पडद्यावर तिरक्या रेघांचा एक आलेख होता. त्याला 'स्क्यू-टी' म्हणतात. खालून वर उंची, आणि दोन रेषा: लाल रेष हवेच्या तापमानाची, हिरवी दवबिंदूची. जमिनीजवळ दोन्ही रेषा एकमेकींना खेटून होत्या, म्हणजे हवा दमट. मग दीड-दोन किलोमीटरवर दोघी अचानक एकमेकींपासून फटकून दूर गेल्या. हिरवी डावीकडे पळाली, म्हणजे तिथे हवा एकदम कोरडी. लाल उजवीकडे वळली, म्हणजे वर गेल्यावर थंड होण्याऐवजी हवा उलट गरम झाली होती. त्या उजवीकडे आलेल्या टोकाला तिने नाक म्हटलं. वादळवाले या थराला 'कॅप' म्हणतात. आम्ही दिवसभर त्याला झाकण म्हणत होतो.

हे झाकण आलं कुठून? ही गोष्ट मला फार आवडली. सूर्य हवा थेट फारशी तापवत नाही. तो जमीन तापवतो आणि जमीन हवा तापवते. मेक्सिकोचं पठार आणि न्यू मेक्सिकोचं वाळवंट समुद्रसपाटीपासून दीड-दोन किलोमीटर उंच आहेत. तिथली हवा त्या उंचीवरच भट्टीसारखी तापते. मग वरचे पश्चिमेचे-नैर्ऋत्येचे वारे तिला पूर्वेकडे नेतात. पूर्वेला जमीन उतरत जाते, पण हवा आपली उंची सोडत नाही. दुमजली घराच्या गच्चीवर तापलेली हवा शेजारच्या बैठ्या घराच्या कौलांवरून सरकत जावी, तशी ती या मैदानांवरून सरकते. आणि त्या बैठ्या घरात काय असतं, तर आखातावरून आलेली दमट हवा. दोघींची गाठ पडते, पण त्या मिसळत नाहीत. एक वर, एक खाली.

आता खालची हवा वर जाऊ पाहते. उन्हाने तापलेला तिचा एखादा गोळा वर निघाला, की दर किलोमीटरला तो सुमारे दहा अंशांनी थंड होत जातो. भोवतालच्या हवेपेक्षा तो गरम आहे तोवर वर जाईल. झाकणाशी पोचल्यावर मात्र भोवती भट्टीतून आलेली हवा. तिच्यापुढे आपला गोळा थंड, म्हणून जड. तो थांबतो आणि परत खाली येतो. पुन्हा दुसरा, पुन्हा तिसरा. दिवसभर, आपल्या डोक्यावर, हे चाललेलं असतं, आणि खालून बघणाऱ्याला दिसतं ते फक्त निळं आभाळ.

मला वाटलं होतं की झाकण म्हणजे वादळाचा शत्रू. मैत्रीण म्हणाली, "अगं, दूध तापवताना साय धरते ना? साय नसली तर वाफ आपली हळूहळू निघून जाते. साय धरली की वाफ खाली कोंडते, आणि मग एका क्षणात सगळं दूध उतू जातं." झाकण नसेल तर खालची ऊब आणि ओल रोज दुपारी बारीकसारीक सरींमधून गळून जाते. झाकण असेल तर ती साठत राहते. आज, उद्या, परवा. अमेरिकेच्या मैदानांवरची ती जगप्रसिद्ध वादळं इतकी राक्षसी होतात त्यामागे हेही एक मोठं कारण आहे, की बहुतेक दुपारी ती होऊच दिली जात नाहीत.

या साठ्याचा हिशोबही करता येतो. तो एका किलो हवेमागे ज्यूलमध्ये सांगतात, आणि घनमीटरभर हवेचं वजन किलोच्या आसपास असतं. समजा साठा ३,२०० ज्यूल आहे. या मैदानांवर मे महिन्यात एवढा काही दुर्मीळ नाही. गतिज ऊर्जेचं शाळेतलं सूत्र लावलं, तर झाकण फोडून वर सुटलेली हवा सेकंदाला ८० मीटरचा वेग गाठू शकते. तासाला २८८ किलोमीटर, आणि तेही सरळ वर! प्रत्यक्षात पाण्याचं ओझं आणि आजूबाजूची कोरडी हवा आत मिसळणं यामुळे वेग बराच कमी भरतो. तरी उरतो तो वाराही गारांना झेलत ठेवायला पुरेसा असतो. २०१० मध्ये साउथ डकोटातल्या व्हिव्हियन गावात पडलेली एक गार २० सेंटिमीटर व्यासाची होती आणि तिचं वजन होतं ८८० ग्रॅम. एवढा बर्फाचा गोळा वाऱ्याने आभाळात तोलून धरला होता.

झाकणाचं महत्त्व पहिल्यांदा ओळखणाऱ्यांत दोन लष्करी अधिकारी होते. अमेरिकी हवामान खात्याच्या अंदाजांत 'टोर्नेडो' हा शब्द वापरणं तेव्हा अनेक दशकं टाळलं जात होतं, कारण लोक घाबरतील अशी भीती. २० मार्च १९४८ च्या रात्री ओक्लाहोमातल्या टिंकर विमानतळावर टोर्नेडो येऊन गेला आणि विमानांची मोडतोड झाली. तिथले हवामान अधिकारी अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर यांनी जुन्या टोर्नेडोंच्या दिवसांचे नकाशे काढून अभ्यासले. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, त्यांना नकाशावर तशीच लक्षणं दिसली. त्यांनी टोर्नेडोचा अंदाज दिला, आणि त्याच संध्याकाळी त्याच तळावर खरोखरच टोर्नेडो आला. पुढे त्यांनी टोर्नेडोच्या आसपासच्या फुग्यांच्या नोंदी गोळा केल्या. खाली दमट थर, मध्ये गरम झाकण, वर कोरडी हवा, हेच चित्र त्यांत पुन्हा पुन्हा दिसलं. सकाळी मोटेलच्या टेबलावर आम्ही पाहिलेलं नाक ते हेच.

डॉज सिटीहून आम्ही तासाभरात ग्रीन्सबर्गला आलो. दुपारपर्यंत काहीच होणार नव्हतं आणि तिला मला तिथली विहीर दाखवायची होती. १८८७-८८ मध्ये माणसांनी कुदळ-फावड्यांनी खणलेली ही विहीर १०९ फूट खोल आणि ३२ फूट रुंद आहे. सोलापूरकडच्या माणसाला विहिरीचं कौतुक वेगळं सांगावं लागत नाही. आम्ही जिन्याने खाली गेलो, बांधलेल्या दगडांना हात लावला. वरच्या उन्हाचा खाली पत्ताही नव्हता.

विहिरीभोवतीचं संग्रहालय नवं आहे, कारण जुनं गाव उरलेलं नाही. ४ मे २००७ च्या रात्री पावणेदहाच्या सुमाराला २.७ किलोमीटर रुंदीचा टोर्नेडो या गावावरून गेला. गावापेक्षा तो रुंद होता. ९५ टक्के गाव जमीनदोस्त झालं. धान्याचं कोठार आणि न्यायालयाची इमारत अशा मोजक्या वास्तू उभ्या राहिल्या. टोर्नेडोची तीव्रता मोजण्याची सुधारित फुजिता श्रेणी त्याच वर्षी फेब्रुवारीत लागू झाली होती, आणि त्या श्रेणीतली सर्वांत वरची, पाच क्रमांकाची पायरी मिळालेला हा पहिला टोर्नेडो. दीड हजार वस्तीच्या या परिसरात ११ माणसं गेली. प्रत्येक मृत्यू एका घराचा अंधार असतो. पण ती भिंतीवरची छायाचित्रं बघितल्यावर एवढी माणसं वाचली कशी याचंच आश्चर्य वाटतं. धोक्याची सूचना वेळेत मिळाली होती आणि घरांना तळघरं होती.

मी हा आकडा वाचत असताना मैत्रीण हळूच म्हणाली, "सगळ्यात जास्त माणसं इथे गेलेली नाहीत. आपल्या बाजूला गेलीत." बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यात २६ एप्रिल १९८९ रोजी दौलतपूर आणि सातुरिया या भागात आलेल्या टोर्नेडोने सुमारे १,३०० जणांचा बळी घेतला. जगाच्या नोंदीतला तो सर्वांत प्राणघातक टोर्नेडो. आणि गारपिटीने घेतलेल्या बळींची सर्वांत मोठी नोंदही आपल्याकडचीच: ३० एप्रिल १८८८, मुरादाबाद, २४६ माणसं. बंगालच्या उपसागरावरची दमट हवा खाली आणि छोटा नागपूरच्या पठारावरून सरकत आलेली तापलेली कोरडी हवा वर, अशी बांगलादेशाकडची रचना. कालबैशाखी म्हणतात ती वादळं याच झाकणाखाली शिजतात. भूगोल वेगळा, पण गच्ची आणि बैठं घर तेच. तिथे तळघरं नव्हती, सायरन नव्हते. मी पुन्हा छायाचित्रांकडे वळले नाही.

साडेतीनला आम्ही गावाबाहेर पडलो. या भागात दर मैलावर एक रस्ता सरळ पूर्व-पश्चिम जातो आणि दर मैलावर एक उत्तर-दक्षिण. वरून बघितलं तर वहीच्या चौकटींसारखं दिसतं. त्यामुळे वादळ कुठेही वळलं तरी मैलाभरात वळायला वाट सापडते. अशाच एका कच्च्या रस्त्याच्या कोपऱ्यावर गाडी लावून आम्ही पश्चिमेकडे तोंड करून बसलो. कुंपणाच्या खांबावर पिवळ्या छातीचा मेडोलार्क पक्षी गात होता, कॅन्ससचा राज्यपक्षी. वाऱ्यात त्याचा आवाज तुटक ऐकू यायचा. कापसाच्या पुंजक्यांएवढे ढग उमटत होते, पण सगळ्यांची डोकी एकाच उंचीवर सपाट कापल्यासारखी. झाकण मला डोळ्यांनी दिसत होतं!

"किती तापमान हवं?" मी विचारलं.

"पस्तीस. आत्ता तेहेतीस आहे."

दोन अंश. एवढ्यावर सगळं अडलं होतं. झाकण तीन तऱ्हांनी फुटतं: जमीन पुरेशी तापली तर, पश्चिमेची कोरडी हवा येऊन भिडली आणि त्या सीमेवर दमट हवा वर उचलली जाऊ लागली तर, किंवा वरच्या वाऱ्यांची एखादी लाट येऊन झाकणच थंड करून गेली तर. त्या दिवशी लाट अजून रॉकी पर्वतांच्या पलीकडे होती.

पाचच्या सुमाराला एक पिकअप थांबली. शेतकरी म्हातारा होता. गाडीवरचा ॲन्टेना बघून आम्ही कोण ते त्याने ओळखलं असावं. पाऊस आहे का, विचारलं. मैत्रिणीने मान हलवली. पाऊस हवाय, तो म्हणाला, पण गार नको; गहू कापायला महिनाही उरला नाही. त्याने टोपीला हात लावला आणि तो गेला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "२०१४ च्या गारपिटीत आमच्याकडची सगळी ज्वारी आडवी झाली होती. मी इथून फोन करत होते आणि बाबा फोनवर नुसते गप्प होते." तिथून ती दूर शेताकडे बोट दाखवून सांगू लागली, की अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमध्येच पिकते. पेरणी लवकरच सुरू होईल. इथे ती बरीचशी जनावरांच्या पोटात जाते, पण ऑगस्टमध्ये कणसं भरली की ती मुद्दाम या वाटेने येते आणि गाडी थांबवून उतरते.

साडेसहाला पश्चिमेला तीन मनोरे उठले. खरोखर उठले. पांढरे, फुलकोबीसारखे, डोळ्यांदेखत वाढणारे. ती उभी राहिली, मीही. मधला सर्वांत उंच होता. दहा मिनिटांत त्याची कंबर बारीक झाली, मान वाकडी झाली, डोकं तुटून ईशान्येकडे वाहत गेलं आणि विरलं. अशा किरकोळ मनोऱ्यांना वादळवाले 'टर्की टॉवर' म्हणतात. झाकणातून कसाबसा वर गेलेला तो गोळा कोरड्या हवेत सुकून गेला होता. बाकीचे दोन तर तेवढेही पोचले नाहीत.

"आजी सांगायची," ती म्हणाली, "सकाळपासून उकडलं आणि पान हललं नाही तर वळीव येणार. आणि संध्याकाळपर्यंत नाही आला, तर म्हणायची, आज नाही ना, मग उद्या जास्त येईल." सोलापूरच्या अंगणात बसून ती बाई कोंडलेल्या उबेचा साठा दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर लिहीत होती. आम्हाला त्यासाठी फुगा लागला.

सूर्य गव्हात बुडाला. दिवसभर कानात घोंगावणारा वारा अर्ध्या तासात पडला, आणि तो पडल्यावर कळलं की आम्ही दिवसभर ओरडून बोलत होतो. मला वाटलं, संपलं. पण रात्र पडली की या मैदानांवर आणखी एक गोष्ट घडते. दिवसा तापलेल्या जमिनीमुळे हवा किलोमीटर-दीड किलोमीटरपर्यंत घुसळत असते, आणि त्या घुसळणीतून जमिनीची ओढ वरच्या वाऱ्यालाही जाणवते; तो जखडलेला असतो. सूर्य गेला की घुसळण थांबते. खालची हवा निजते, आणि तिच्या वरचा वारा सुटतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो वळत वळत वेग घेतो आणि मध्यरात्रीनंतर, जमिनीपासून काहीशे मीटरवर, दिवसापेक्षा कितीतरी जोरात दक्षिणेकडून वाहतो. अल्फ्रेड ब्लॅकॅडर या हवामानशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये याचं गणित मांडलं. माणसं झोपलेली असताना हा वारा आखाताची ओल आणखी उत्तरेला आणून ओततो, झाकणाखाली.

ग्रीन्सबर्गने नवं गाव बांधताना वाऱ्यावर चालणारं व्हायचं ठरवलं. गावाबाहेर दहा पवनचक्क्या आहेत, एकूण १२.५ मेगावॅटच्या. परतताना तिने त्या दिशेला गाडी उभी केली आणि दिवे बंद केले. गव्हाची एक लोंबीही हलत नव्हती. मी तिच्यासारखा हात बाहेर काढला. चिमटीत काहीच आलं नाही. वर चांदण्यांपुढून काळी पाती एकामागून एक सरकत होती, न थांबता, दुपारपेक्षा वेगाने.